उंच गाडी, हलकी गाडी : वॅगन आरमागचं साधं भौतिकशास्त्र

माझी पीएचडी धातूंवर भार आला की ते कुठे वाकतात आणि कुठे तुटतात, यावर चालू आहे. पण कैनाडला गेलं की संशोधनाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे : "गाडी घ्यायची आहे. घरात पाच माणसं, बजेट बेताचं. वॅगन आर घेऊ का?" डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर ही गाडी इतकी दिसते की प्रश्न साहजिकच आहे. घ्या किंवा घेऊ नका, असं एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा ती गाडी अशी का बनवली आहे, हे समजून घेऊया. मग निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

डबा उभा का केला?

गोष्ट सुरू होते जपानमध्ये. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. त्यात बसणाऱ्या गाडीला कर कमी, पण मापं सरकारने बांधून दिलेली. १९९० च्या नियमांनुसार लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, यापुढे जायचं नाही. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मोकळीक होती. सुझुकीने १९९३ मध्ये वॅगन आर आणली ती हीच मोकळीक वापरून. आडवं वाढता येत नसेल तर उभं वाढायचं!

यात एक साधी भूमिती आहे. खाली बसायचं असेल तर पाय पुढे पसरावे लागतात, म्हणजे लांबी खर्च होते. तेच खुर्चीवर ताठ बसलात तर पाय खाली सोडता येतात आणि तेवढ्याच लांबीत जास्त माणसं मावतात. शिवाय सीट कमरेच्या उंचीला येते. गुडघे दुखणाऱ्या आजीला गाडीत उतरावं लागत नाही की बाहेर यायला चढावं लागत नाही, ती सरळ बाजूला सरकून बसते.

भारतात ही गाडी डिसेंबर १९९९ मध्ये आली, थोडी रुंद होऊन आणि मोठं इंजिन घेऊन. सध्याची पिढी जानेवारी २०१९ ची. लांबी ३६५५ मिमी, रुंदी १६२० मिमी, उंची १६७५ मिमी. म्हणजे ही गाडी रुंदीपेक्षा उंच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जव्हारचा चढ आणि एक लिटरचं इंजिन

दुसरा निर्णय वजनाचा. एक लिटरच्या पेट्रोल मॉडेलचं वजन साधारण ८२० किलो. पाच माणसं आणि थोडं सामान धरून १२०० किलो समजा. आता चारोटी, कासा करत जव्हारला निघालो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. १२०० किलो एवढ्या उंचीवर उचलायला सुमारे ५३ लाख जूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ३२० लाख जूल असतात, पण इंजिन त्यातला साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे नुसतं वर चढण्यासाठी अर्धा लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. गाडी ३०० किलोने जड असती, तर हा खर्च पाव हिश्शाने वाढला असता. चांगल्या अ‍ॅव्हरेजचं मोठं कारण हेच, हलकेपणा.

मग ताकद पुरते का? शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर नेणारा चढ घ्या आणि वेग ताशी ४० किमी. चढ, टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध मिळून साधारण १३ किलोवॅट लागतात. इंजिन देतं ४९ किलोवॅट. म्हणजे भरपूर, पण एक अट आहे. ही सगळी ताकद इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेतं तेव्हाची आहे. कमी फेऱ्यांवर ती बरीच कमी मिळते. म्हणून चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटत बसू नका, वेळेवर तिसरा किंवा दुसरा टाका. इंजिन ओरडतंय म्हणजे त्याला त्रास होतोय असं नाही.

आपल्याकडे बरेच जण सीएनजी घेतात. त्यात ४९ चे सुमारे ४२ किलोवॅट होतात. कारण सोपं आहे. सीएनजी हा वायू आहे आणि सिलिंडरमध्ये तो स्वतः जागा अडवतो. मिथेनच्या एका भागाला हवेचे साडेनऊ भाग लागतात, म्हणजे आत ओढलेल्या मिश्रणाचा जवळपास दहावा हिस्सा इंधनानेच व्यापला. तेवढी हवा कमी, तेवढा ऑक्सिजन कमी, तेवढी ताकद कमी. गाडीत बिघाड झालेला नसतो.

डिकी भरली, मग चिकू कुठे?

सीएनजीची टाकी डिकीत बसते. ३४१ लिटरच्या डिकीतली बरीच जागा ती खाते. मग चिकूचे क्रेट जातात टपावर, कॅरिअरला बांधून. इथे ती उंची आडवी येते.

गाडी वळणावर उलटेल की नाही याचा एक ढोबळ हिशोब आहे : दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर धरू. उत्तर येतं १.१७. आता टपावर ५० किलो ठेवा. गुरुत्वमध्य जवळपास पाच सेंटीमीटर वर सरकतो आणि आकडा १.०८ वर येतो. फक्त ५० किलोमुळे! तेच वजन मागच्या सीटच्या पायाशी ठेवलं तर गुरुत्वमध्य उलट थोडा खाली येतो. ओझं तेच, जागा वेगळी.

हायवेवर उंचीची आणखी एक किंमत आहे. उभ्या डब्याला हवा जास्त अडवते आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग २५ टक्के वाढतो, हवेचा विरोध ५६ टक्के. अ‍ॅव्हरेज तिथे पडतं.

आता माझ्या विषयाकडे

हलकं म्हणजे कमजोर, असं सरळ समीकरण नाही. आपल्याकडची कुडाची भिंत बघा. कारवीच्या काठ्या आणि वर मातीचा लेप, पण भार नेमका मेढींवर जातो म्हणून घर उभं राहतं. गाडीतही तसंच. पातळ पण जास्त ताकदीचं पोलाद योग्य जागी वापरलं तर वजन कमी करता येतं. प्रश्न असा की धडकेत पुढचा भाग चुरगळून ऊर्जा गिळतो का, आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो का.

ग्लोबल एनकॅपने २०२३ मध्ये भारतातली वॅगन आर ताशी ६४ किमी वेगाने धडकवली. मोठ्यांच्या सुरक्षेला पाचपैकी एक तारा मिळाला, मुलांच्या सुरक्षेला शून्य. गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला, म्हणजे आणखी भार सोसायची त्याची कुवत उरली नव्हती. चाचणीतल्या गाडीला दोन एअरबॅग होत्या. आता सहा मिळतात, ही सुधारणा खरीच आहे. पण एअरबॅग माणसाला सांभाळते, सांगाडा बळकट करत नाही.

ताशी ६४ किमी म्हणजे किती? सुमारे १६ मीटरवरून, पाचव्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीला आपटतो तेवढा वेग. ८० धरलात तर तीच उंची २५ मीटर होते. गाडी थांबताना शरीरावर वजनाच्या २० पट जोर सहज येतो. मांडीवरचं १० किलोचं मूल त्या क्षणी २०० किलोचं होतं. कुठल्याही आईबापाच्या हातांना ते धरता येणार नाही.

आणि हे फक्त छोट्या गाडीचं नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्या चारोटीजवळच, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, मजबूत. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं.

तर वॅगन आर घेऊ का? गाव, डहाणू स्टेशन, दवाखाना, बाजार, कधीतरी जव्हार, अशा ताशी ४०-६० च्या फिरण्यासाठी ही गाडी अतिशय हुशारीने बनवलेली आहे. पण रोज हायवेवरून मुंबई किंवा वापी गाठायची असेल, तर थोडे जास्त पैसे घालून जास्त ताऱ्यांची गाडी बघा, जुनी मिळाली तरी चालेल. आणि हीच घेतलीत तर तीन गोष्टी पाळा : टपावर ओझं नाही, हायवेला ८० च्या वर नाही, आणि पाचही जणांना पट्टा, मागच्यांनाही. लहान मूल असेल तर त्याची वेगळी सीट आधी घ्या, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमचं नंतर बघू.