मेघसंचयातील मर्यादित अधिकारचिन्हांची निर्मिती : एक विवेचन

प्रस्तावना : विद्यार्थ्यांचे अभिलेख, गुणपत्रके व प्रश्नपत्रिका आता क्लाउडवर साठविल्या जातात. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲझ्युर’ सेवेचे पुणे येथील केंद्र २०१५ पासून कार्यरत आहे. अशा साठवणुकीची मुख्य किल्ली न देता एकाच फाईलपुरता व ठराविक काळापुरता प्रवेश कसा देता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वरूप : ‘शेअर्ड ॲक्सेस सिग्नेचर’ म्हणजे फाईलच्या पत्त्यास जोडलेली अक्षरमाला होय. तीत परवानगीचा प्रकार व समाप्तीची वेळ नमूद असून त्या मजकुरावर गुप्त किल्लीने ‘एचमॅक-शा २५६’ पद्धतीची स्वाक्षरी केलेली असते. समाप्तीची वेळ कोणी बदलल्यास स्वाक्षरी जुळत नाही व सर्व्हर प्रवेश नाकारतो.

निर्मिती : समजा, चिकलठाणा येथील एखाद्या महाविद्यालयास परीक्षा केंद्राला सकाळी १० ते ११ या वेळेत प्रश्नपत्रिका उपलब्ध करून द्यावयाची आहे. पायथॉन प्रोग्राममध्ये खाते, कंटेनर व फाईल यांची नावे, केवळ वाचनाची परवानगी आणि कालमर्यादा द्यावी लागते. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे ४.३० ते ५.३० अशी लिहावी. समाप्तीची वेळ ११ लिहिल्यास प्रवेश दुपारी ४.३० पर्यंत खुला राहील.

मर्यादा : स्वाक्षरी प्रोग्राममध्येच तयार होत असल्याने दिलेल्या चिन्हांची यादी सर्व्हरकडे नसते. त्यामुळे खात्याच्या किल्लीने दिलेले एखादे चिन्ह रद्द करण्यासाठी सामान्यतः ती किल्लीच बदलावी लागते व तिच्यावर आधारित इतर चिन्हेही निरुपयोगी ठरतात. यावर दोन उपाय आहेत. कंटेनरवर प्रवेशधोरण नोंदवून चिन्ह त्यास जोडल्यास धोरण काढताच चिन्ह रद्द होते. वापरकर्त्याच्या ओळखीवर आधारित चिन्हाची मुदत कमाल ७ दिवस असते.

या दक्षतेचे महत्त्व २०२३ मध्ये स्पष्ट झाले. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी गिटहबवर दिलेल्या दुव्यातील चिन्ह संपूर्ण खात्यास लागू होते, त्यात बदलाचेही अधिकार होते व मुदत २०५१ पर्यंत होती. परिणामी ३८ टेराबाइट माहिती उघडी पडल्याचे ‘विझ’ या संस्थेने जाहीर केले.

निष्कर्ष : दिलेले चिन्ह परत घेणे कठीण असते. म्हणून व्याप्ती, परवानगी व मुदत ही निर्मितीच्या वेळीच किमान ठेवणे आवश्यक ठरते.