चोर किल्लीच्या भोकाकडे बघतच नाही

गोवंडीच्या बैगनवाडीतून एका वाचकाने विचारलं आहे : पहाटे पाव पोचवायच्या सायकलला सात लिव्हरचं महागडं कुलूप घेतलं, तर चोरीची भीती जाईल का? कुलपाची ताकद किल्लीत असते, असं आपण सगळेच धरून चालतो. ही समजूत कुलूपवाल्यांनीच दोनशे वर्षं जोपासली आहे.

लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे. किल्लीवाचून उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस. कित्येक दशकं ते कुणालाच जमलं नाही. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने मात्र १६ दिवसांत मिळून ५१ तास झटून ते उघडलं, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. आपल्याकडे वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून १८९७ मध्ये लालबागच्या एका लहानशा शेडमध्ये कुलपं घडवायला घेतली. गोवंडीपासून जवळच, विक्रोळीला पुढे उभा राहिलेला सगळा पसारा त्या शेडमधून निघाला. किल्लीच्या भोकामागच्या त्या इवल्याशा जागेत या माणसांनी आयुष्यं ओतली, म्हणून मला ती फार आवडतात.

पण त्यांच्या डोळ्यांसमोर घराचं दार होतं, तिजोरी होती. रस्त्यावरच्या सायकलचा चोर लिव्हर मोजत बसत नाही. तो साखळी कापतो, कुलूप पिळून तोडतो, नाहीतर सायकल सरळ उचलून टेम्पोत टाकतो. मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून जाणारं कुलूप सायकल चालवू देत नाही, उचलायला मात्र आडकाठी करत नाही. काळी सायकल वीसेक किलोची. दोघांना ती जड नाही.

तेव्हा खरा प्रश्न धातूचा आणि जागेचा. प्लास्टिकच्या नळीत घातलेली तार जाडजूड दिसते, पण ती बारीक तारांचा पीळ असते आणि कटर एकेक पदर सहज तोडत जातो. कडक केलेल्या पोलादाची साखळी त्याहून कितीतरी बरी. ओळख सोपी आहे : साध्या लोखंडात कानस रुतते, कडक पोलादावरून ती घसरते. वेष्टनावरच्या ‘अभेद्य’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. हातातल्या ग्राइंडरची चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, म्हणजे तिची कडा ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. तिच्यातले अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण कुठल्याही पोलादापेक्षा कठीण असतात. चांगलं कुलूप तिच्यापुढे थोडा वेळ आणि बराच आवाज एवढंच मिळवून देतं.

जागेबद्दल सगळ्यात सुंदर विचार केला तो शेल्डन ब्राउनने. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका सायकलच्या दुकानात काम करणारा हा मेकॅनिक २००८ मध्ये वारला. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याचं नाव सापडणार नाही, पण माझ्या लेखी तो मोठा शिक्षक होता. तो सांगे : लहानसं यू-लॉक घ्या आणि सीटखालून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या त्रिकोणाच्या आत, मागच्या चाकाची रिम खांबाला अडकवा. फ्रेमभोवती कुलूप नसलं तरी चालेल, कारण अडकलेलं चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघतच नाही.

मग चोर रिमच कापेल की! ब्राउनचं उत्तर पाहा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आकसते आणि लाकडी चाक चहूबाजूंनी आवळून धरते. सायकलच्या रिमवर तसाच दाब आतून येतो, कारण सगळे आरे तिला मधल्या हबकडे ओढत असतात. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० आरे. प्रत्येकात ६० किलोचा ताण धरला, तर ४० गुणिले ६० भागिले ६.२८, म्हणजे रिमच्या प्रत्येक छेदावर सुमारे ३८० किलोचा दाब. हॅकसॉ आत शिरू लागला की चीर मिटायला बघते आणि पातं चिमटीत अडकतं. शिवाय टायर आणि त्याच्या कडेतल्या पोलादी ताराही कापाव्या लागतात. एवढं करून हाती येते चाक मोडलेली सायकल. आरे आधी सैल केले तर ताण जातो हे खरं, पण तेवढा वेळ गर्दीच्या रस्त्यावर कोण काढणार? ग्राइंडरला मात्र या दाबाचं काही वाटत नाही.

पाववाल्याच्या सायकलवर मडगार्ड, कॅरियर आणि चाकाचं कुलूप यांच्या दाटीत लहान यू-लॉक बसेलच असं नाही. तिथे कडक पोलादाची साखळी घ्यावी. ती मागच्या रिममधून, फ्रेमच्या त्रिकोणातून आणि जमिनीत पक्क्या गाडलेल्या खांबाभोवती ओढून लावावी. ढिली ठेवू नये, कारण मोकळ्या जागेत पहार घालून पिळता येतं. जमिनीला टेकू देऊ नये. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकता येतो. कमरेच्या उंचीवर तेच काम केवळ हातांच्या जोरावर करावं लागतं.

मात्र असा खांब हवा ना! पुढचं चाक खाचेत रोवायचे स्टँड बांधून भागत नाही; तिथे फ्रेम बांधता येत नाही आणि पुढचं चाक दोन नटांवर सुटतं. सिमेंटमध्ये रोवलेली उलट्या यू आकाराची लोखंडी नळी फ्रेम आणि चाक दोन्हींना पुरते. गोवंडी, मानखुर्दसारख्या स्टेशनांबाहेर अशा नळ्या रांगेने हव्यात.

आणि आजच एक काम करा : सीटखाली किंवा पॅडलच्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलावर लिहून ठेवा, त्याचा फोटो काढा. पोलीस ठाण्यात ‘काळी सायकल, मागे कॅरियर’ एवढंच सांगितलं, तर त्या वर्णनाच्या सायकली गल्लोगल्ली उभ्या आहेत.