करखात्यातील उपहासकार

गॉटलीप विल्हेल्म राबेनर (१७१४–१७७१) हा जर्मन उपहासकार सॅक्सनीच्या करखात्यात नोकरीस होता. १७४१ साली लाइप्झिग येथे कर-तपासनीस, १७५३ साली ड्रेस्डेन येथे वरिष्ठ चिटणीस, १७६३ साली करमंडळाचा सभासद, अशी त्याची चढती कमान. त्याने थट्टा केली ती मध्यमवर्गाच्या वेडगळपणाची; राज्यकर्त्यांच्या वाटेस तो गेला नाही. टीकाकार यास भित्रेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. लंडनमध्ये आर्चबिशपला जे सत्य ऐकून घ्यावे लागते, ते जर्मनीत खेड्यातील पंतोजीलाही सांगण्याचे धाडस होत नाही, असे त्यानेच उघड लिहिले आहे. (पंतोजींचा दरारा एवढा होता तर!) १७५५ मध्ये, हयातीत यापुढे उपहासलेख छापावयाचे नाहीत असे जाहीर करूनही तो लिहीत राहिला. १७६० साली प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन पेटले. घराबरोबर त्याची हस्तलिखितेही जळाली. मित्रांस त्याने ते वर्तमान कळविले, तेही विनोदानेच.