वनस्पतींची जखम आणि ‘एक्स्टेन्सिन’ ही संज्ञा

शास्त्रीय परिभाषा सिद्ध करताना मूळ संज्ञेच्या व्युत्पत्तीवरून प्रतिशब्द बनविण्याकडे आपला कल असतो. ही पद्धती कोठे फसते, हे दाखविण्यास वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील ‘एक्स्टेन्सिन’ ह्या प्रथिनाचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल.

प्राण्यांच्या कोलॅजेनमध्ये आढळणारे हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतही असते, असे लॅम्पोर्ट व नॉर्थकोट ह्यांनी 1960 साली दाखविले. ते धारण करणारे प्रथिन पेशीच्या प्रसरणास कारण होत असावे, ह्या तर्काने लॅम्पोर्ट ह्यांनी 1963 साली त्यास ‘एक्स्टेन्सिन’ हे नाव दिले.

पुढील संशोधनाने ह्या तर्कास बहुतांशी उलट दिशा दिली. कल्याणच्या बाजारातून आणलेले गाजर आपण चिरतो, तेव्हा त्याच्या जिवंत पेशी निमूट राहत नाहीत. 1985 साली चेन व व्हार्नर ह्यांनी गाजरातील एक्स्टेन्सिनचे जनुक अभ्यासिले. जखम होताच त्यावरून उतरणाऱ्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण वाढते, असे दिसून आले. तयार झालेले प्रथिन भित्तिकेत पोहोचते, त्यातील टायरोसीनचे घटक परस्परांशी बांधले जातात आणि भित्तिका अधिक घट्ट होते. घेवड्याच्या वर्गातील वनस्पतींत तर जखम व बुरशीचा संसर्ग ह्यांना ह्या कुलातील निरनिराळी जनुके निरनिराळ्या वेळी प्रतिसाद देतात, असे 1987 साली आढळले.

येथे भाषाभ्यासकास एक साम्य जाणवेल. ह्या प्रथिनात एका सेरीनमागून चार हायड्रॉक्सिप्रोलीन असा क्रम वारंवार येतो. परंतु जनुकाच्या संकेतात हायड्रॉक्सिप्रोलीनला चिन्हच नाही. तेथे केवळ प्रोलीन लिहिलेले असते व त्याचे रूपांतर मागाहून होते. ‘चमचा’ व ‘चंद्र’ ह्या शब्दांतील ‘च’ लिपीत एकच असून उच्चारात भिन्न असतो, तसाच काहीसा हा प्रकार होय.

आता ‘एक्स्टेन्सिन’साठी ‘प्रसारक’ असा प्रतिशब्द योजल्यास नावातील जुना तर्क मराठीत सिद्धान्त म्हणून रुजेल. शिवाय 1992 साली कॉसग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तिका खरोखरच सैल करणारे ‘एक्सपान्सिन’ वर्णिले. त्यास मग कोणते नाव उरणार? परस्परविरुद्ध कार्यांची दोन प्रथिने एकाच शब्दात कोंबली जातील.

‘दृढक’ हा पर्यायही निर्दोष नव्हे. अराबिडॉप्सिसमधील एका एक्स्टेन्सिनच्या अभावी पेशीविभाजनाच्या वेळी नवी भित्तिका योग्य जागी बसत नाही, असे 2002 साली दिसून आले. म्हणजे दृढीकरण हे ह्या कुलाचे एकमेव कार्य नाही.

सबब ‘एक्स्टेन्सिन’ हे नाव लिप्यंतरानेच ठेवावे आणि कार्याचे वर्णन ‘व्रणप्रेरित जनुके’, ‘भित्तिकेचे दृढीकरण’ अशा स्वतंत्र पदांनी करावे, हे इष्ट. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील महाविद्यालयांत मराठी शाळांतून येणारा विद्यार्थी शब्दाच्या अर्थावरूनच संकल्पना बांधतो. त्याच्या हाती दिलेला पारदर्शक, परंतु चुकीचा शब्द हा अपरिचित शब्दाहून अधिक घातक होय.