खाडीच्या तोंडाशी
(‘वीज कुठून येते?’ लेखमाला, भाग सातवा)

महाबळेश्वरच्या पंचगंगेत पाच नद्या उगम पावतात, असं आपण मानत आलो. त्यातली सावित्री आपली. पोलादपूर आणि महाडवरून ती बाणकोटच्या खाडीत जाते. तिच्या शेजारी उगम पावणारी कोयना मात्र घाटमाथ्यावरून साताऱ्याकडे निघून जाते. १९६२ पासून तिचं बरंचसं पाणी आपण परत कोकणात आणलं आहे. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीला उतरतं, अलोऱ्याला पुन्हा जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. हेच पाणी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळतं आणि खाडीच्या तोंडाशी, दक्षिण काठावर, वीज करणारा दुसरा अवाढव्य कारखाना उभा आहे. वेलदूर, अंजनवेल, रानवी ही त्याच्या भोवतीची गावं. गेल्या आठवड्यात आपण भिऱ्याला होतो. या वेळी कशेडी घाट उतरून, खेड-चिपळूण मागे टाकून गुहागरच्या किनाऱ्यावर जाऊ.

पण त्याआधी थोडं जपानला जायला हवं, कारण तुलनेशिवाय या गावांचं दुःख नीट कळत नाही.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, निगाता प्रांतात, कारिवा नावाचं गाव आहे. लोकसंख्या पाच हजारांच्या आत. भातशेतीचं गाव. कारिवा आणि शेजारचं काशिवाझाकी शहर यांच्या हद्दीवर सात अणुभट्ट्या आहेत. पहिली १९८५ मध्ये सुरू झाली, सातवी १९९७ मध्ये. एकूण क्षमता ८,२१२ मेगावॉट, म्हणजे कोयनेच्या चौपटीहून अधिक. इथली वीज मुख्यतः टोकियो आणि परिसरासाठी. ही वीज ज्यांच्या उशाशी तयार होते त्यांना काय, या प्रश्नाचं उत्तर जपानने १९७४ मध्ये कायद्याने दिलं. तेव्हाचे पंतप्रधान काकुएई तानाका याच भागातले. विकल्या गेलेल्या प्रत्येक युनिटमागे कर घ्यायचा आणि त्यातला पैसा वीजकेंद्राच्या गावांना द्यायचा, अशी ती व्यवस्था. त्या पैशातून सभागृहं, क्रीडासंकुलं, रस्ते झाले. शिवाय केंद्राच्या यंत्रसामग्रीवरचा मालमत्ता कर गावाच्या तिजोरीत येतो.

ही व्यवस्था निर्दोष नाही. यंत्र जुनं होतं तसा त्याच्यावरचा कर घटत जातो, पण सवयी आणि इमारतींचा देखभालखर्च घटत नाही. मग गावच आणखी एक भट्टी मागू लागतं. फुकुशिमाच्या फुताबा गावाने १९९१ मध्ये असाच ठराव केला होता. वीस वर्षांनी त्सुनामी आली आणि ते अख्खं गाव रिकामं करावं लागलं. पैशाने माणसाचा आवाज दबतो, हे मला नाकारता येत नाही. तरीही कारिवाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मे २००१ मध्ये तिथे प्लुटोनियममिश्रित इंधन वापरावं की नाही यावर गावकऱ्यांचं मतदान झालं. बहुमताने नकार दिला आणि केंद्र चालवणाऱ्या कंपनीला तो बेत पुढे ढकलावा लागला. ज्या गावाचा निम्माअधिक संसार केंद्रावर चालत होता, त्याला विचारलं गेलं आणि त्याने ‘नाही’ म्हटलं.

आता अंजनवेल. जून १९९२ मध्ये इथल्या वीजकेंद्रासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी प्राथमिक करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला आणि पुढच्याच वर्षी, वाटाघाटी करून, मोठा प्रकल्प मान्य केला. कराराच्या या साऱ्या उलथापालथीत गावाची संमती कुठल्याच टप्प्यावर निर्णायक ठरली नाही. जमीन औद्योगिक विकास महामंडळाने संपादित केली. केंद्रातून समुद्रात जाणाऱ्या पाण्याने मासळी जाईल, ही वेलदूरच्या मच्छीमारांची भीती होती. आंदोलनं झाली, जमावबंदीचे आदेश निघाले. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस घुसले आणि स्त्रियांना मारहाण करून पकडून नेलं. अ‍ॅम्नेस्टी आणि ह्यूमन राइट्स वॉच या दोन्ही संघटनांच्या अहवालांत त्या पहाटेची नोंद आहे. मासे विकून घर चालवणाऱ्या या बायांचं म्हणणं ऐकायला त्या पहाटेपूर्वी कुणी बसलं असतं, तर ते त्यांनी सांगितलंच असतं.

पुढचा इतिहास झटपट सांगतो, कारण तो वर्तमानपत्रांतून तुम्हाला माहीत आहे. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मंडळाला पैसे देणं जमेना. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडलं आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं निघालं. दुसऱ्या टप्प्याचं काम अर्धवट राहिलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली. २०१३ मध्ये द्रवरूप गॅस उतरवण्याचं बंदर सुरू झालं, पण त्याच वर्षाच्या अखेरीस गॅसअभावी वीजनिर्मिती थांबली. २०१५ पासून रेल्वेला वीज जाऊ लागली.

बांधकाम चालू होतं तेव्हा गावात काम होतं, खोल्यांना भाडेकरू होते. असं केंद्र एकदा उभं राहिलं की थोडे तंत्रज्ञ पुरतात, आणि ते बंद पडलं की तेही जातात. कारिवाला युनिटमागे वाटा कायद्याने मिळतो. गॅसवरच्या केंद्राच्या गावाला तसा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही.

महाडकरांनी हे का वाचावं? बिरवाडीच्या परिसरात रासायनिक कारखान्यांची वसाहत आपल्याच अंगणात आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ नुसार पंचायत कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेऊ शकते. ती किती, किती वर्षांसाठी, कुणाच्या सहीने, हे ग्रामसभेत विचारता येतं. गावाच्या वाट्याचा हा कागद फार थोड्यांनी पाहिलेला असतो. पुढच्या भागात हाच कागद उलगडून, त्यातली रक्कम कशी ठरते ते पाहू.