मशीन आले, पण दळायचे कशात?

आमचा धाकटा दीर दोहाला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. मागच्या रमजान ईदनंतर त्याने एका गाववाल्याच्या हाती आमच्यासाठी एस्प्रेसोचे मशीन पाठवले, सोबत कॉफीच्या बियांची एक पिशवी. फोनवर म्हणाला, "भाभी, तुम्ही शाळेतून दमून येता. आता घरच्या घरी हॉटेलसारखी कॉफी घ्या." ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेली वस्तू होती, हे आम्हाला नंतर अम्मींकडून कळले.

बिया आम्ही मिक्सरमध्ये दळल्या. पहिला कप दहा सेकंदांत भरला. कॉफी पाण्यासारखी पातळ आणि आंबट झाली. दुसऱ्या खेपेला मिक्सर जास्त वेळ फिरवला, तर मशीन घुरघुरत राहिले आणि थेंब थेंब काळा कडू अर्क पडला. पंधरा दिवसांनी मशीनवर क्रोशाचे कव्हर चढले आणि त्यावर फळांची टोपली आली. दर जुम्म्याला दिराचा फोन यायचा, "मशीन कसं चालतंय?" आम्ही सांगायचो, "एकदम झकास." असे आठ महिने गेले. मग त्याने कळवले की डिसेंबरात सुट्टीवर येतोय.

दोष मशीनचा नव्हता, दळणाचा होता. एस्प्रेसोचा सर्वमान्य हिशेब असा: 18 ग्रॅम पूड घट्ट दाबून बसवायची, त्यातून साधारण 9 बार दाबाने गरम पाणी जाते आणि 25 ते 30 सेकंदांत सुमारे 36 ग्रॅम कॉफी कपात उतरते. पाण्याला अडवणारे दुसरे काही नसते, फक्त पूड. पूड जाडी असेल तर पाणी पळून जाते, फार बारीक असेल तर अडकते. मिक्सरचे पाते बी दळत नाही, तोडते. त्यामुळे एकाच भांड्यात रवाही मिळतो आणि पीठही. रव्यातून आंबटपणा येतो, पिठातून कडवटपणा, आणि दोन्ही एकाच कपात.

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना ग्राइंडर समजावून सांगावा लागत नाही. दोन दातेरी चकत्या, त्यांच्यामधली फट, आणि त्या फटीएवढे दळण. या चकत्यांना 'बर' म्हणतात. त्या किती धारदार, किती सरळ बसलेल्या आणि फट किती बारीक अंतराने कमीजास्त करता येते, याचेच पैसे मोजायचे असतात. जात्याला टाकी लावणाऱ्या माणसाला आमची आजी का मान द्यायची, ते आम्हाला आता कुठे उमगले.

आमच्या हातात भिशीचे 20 हजार रुपये होते. मे महिन्यात घराची कौले परतायची, त्यासाठी ठेवलेले. म्हणून प्रत्येक पायरीवर आम्ही एकच विचारत गेलो: आणखी पैसे घातले तर कपात काय बदलेल?

दीड-दोन हजारांच्या आत सिरॅमिक चकत्यांचे हाताने फिरवायचे ग्राइंडर मिळतात. तसा एक आम्ही घेतला आणि पस्तावलो. त्याचा मधला दांडा हलतो. बारीक दळायला लावले की चकती एका बाजूला झुकते आणि पूड पुन्हा मिक्सरसारखीच निघते. 18 ग्रॅमला पाच मिनिटे लागली आणि मनगट दुखले ते वेगळेच. साध्या फिल्टर कॉफीला तो चालेल, एस्प्रेसोला नाही.

पाच ते सात हजारांत स्टीलच्या चकत्या येतात आणि दळण खरोखर एकसारखे होते. एका सहकारी शिक्षिकेकडून तसा एक आठवडाभर मागून आणला. इथे अडचण वेगळीच निघाली. फट बदलायची कडी एकेका 'टिक'ने फिरते आणि या किमतीतल्या बहुतेक ग्राइंडरची टिक मोठी असते. एका टिकवर कॉफी 15 सेकंदांत उतरायची, पुढच्या टिकवर 50 सेकंदांत. आम्हाला हवी होती ती जागा नेमकी दोन टिकांच्या मधे.

पुढच्या पायरीला हाच फरक पडतो. किंगग्राइंडर के 6 नावाचा हाताचा ग्राइंडर दहा हजारांच्या आसपास मिळतो. त्यात एका टिकला फट 16 मायक्रॉनने बदलते. वनझेडप्रेसो या तैवानी कंपनीच्या जे-अल्ट्रामध्ये ती 8 मायक्रॉनने बदलते, पण त्याची किंमतही बरीच वर जाते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

विजेच्या ग्राइंडरसाठी आम्ही पुण्याला भाच्याकडे गेलो. त्याच्याकडे बराट्झाचा एनकोर ईएसपी आहे. भारतात हा 20 हजारांच्या वर जातो. त्यात 40 खुणा आहेत. पहिल्या 20 एस्प्रेसोसाठी जवळजवळच्या, बाकीच्या फिल्टर कॉफीसाठी. भाच्याने मित्राचा के 6 ही आणून ठेवला होता. त्याच बिया, तेच मशीन, दोन कप. कुठला कशाचा हे भाच्याने सांगितले नाही. आम्ही दोनदा चाखून दोनदा वेगवेगळे उत्तर दिले. विजेच्या ग्राइंडरने पूड अर्ध्या मिनिटात दिली, हाताला एक मिनिट लागले. फरक एवढाच.

त्याच्याही वर 40-50 हजारांची दुनिया आहे. फ्लोरेन्सच्या युरेका कंपनीचे मिन्योन ग्राइंडर आहेत. त्यात टिकच नसते, फट हवी तिथे थांबवता येते. इंग्लंडचा निश झीरो आहे, 63 मिलिमीटरच्या शंकूसारख्या चकत्यांचा. ही यंत्रे भरभर दळतात, आत पूड कमी अडकते आणि रोज दहा कप काढणाऱ्यांना उपयोगी पडतात. पण आमचे मत असे झाले की दहा-पंधरा हजारांपर्यंत पैसा चव विकत घेतो, त्यानंतर मुख्यतः हाताचा आराम. ज्यांच्या बैठकीत रोज सहा मेहमान असतात, त्यांनी हाताच्या ग्राइंडरच्या नादी लागू नये. सहा कप म्हणजे सहा वेळा दळणे, आणि ते कुणाच्या वाट्याला येते हे भगिनींना सांगायला नको.

खर्चच करायचा नसेल तर तोही मार्ग आहे. बऱ्याच स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी मिळते. तिला एकच बारीक छिद्र असते आणि दाब ते छिद्रच तयार करते, त्यामुळे दुकानातून दळून आणलेली पूडही चालते. फेस छान येतो, चव मध्यम. आमच्या मशीनबरोबर ती नव्हती. असती तर कदाचित हा लेखच झाला नसता.

आम्ही के 6 घेतला. निम्मे पैसे कौलांसाठी उरले.

बिया चिकमगळूरच्या मागवतो. हजहून परतताना बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून तिथल्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे आणि तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाव किलोत 13 कप निघतात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्यावी, महिन्याच्या आतली असेल तर उत्तम. चिकोरी घातलेली पूड या कामाची नाही.

दळण्याआधी बियांवर पाण्याचे एक बोट फिरवले की पूड भांड्याच्या कडेला चिकटत नाही. चकत्यांना मात्र पाणी लावू नये, कोरड्या ब्रशने झाडाव्या. आणि त्यात मसाला दळू नये! अम्मींनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "बेटा, यात मिरी चांगली निघेल का?" नंतर चार दिवस त्यांची नजर वेलदोड्याच्या डब्यावर होती. शेवटी तो सिरॅमिकचा ग्राइंडर त्यांना देऊन टाकला. मिरीला तो फर्मास चालतो.

डिसेंबरात दीर आला. फजरनंतर घर झोपलेले असताना त्याने स्वतःच दांडा फिरवून दळले, कप काढला, चाखला आणि विचारले, "भाभी, हे मशीनबरोबर पाठवलं नव्हतं. कधी घेतलंत?" आम्ही सांगितले, गेल्या महिन्यात. तो गप्प राहून बोटांवर महिने मोजू लागला. मग हसत म्हणाला, "म्हणजे आठ महिने झकास?"

फ्रिजवर आता त्याच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 38 टिक, 18 ग्रॅम, 28 सेकंद. पावसाळ्यात हवा दमट झाली की 39 करून बघा, असे खाली लिहिले आहे.