घरचा पहिला सामना आणि घरचीच हुर्यो

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम वसंत ऋतूत सुरू होतो. त्यात ज्या दिवशी आपला संघ आपल्या गावच्या मैदानावर पहिल्यांदा उतरतो, तो दिवस तेथील लोक सणासारखा पाळतात. १९१० साली वॉशिंग्टनच्या अशाच एका सामन्यात राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी प्रेक्षकांत बसून पहिला चेंडू टाकला आणि पुढे ती प्रथाच पडून गेली. सणाच्या दिवशी खापरावरचे मांडे करपले म्हणजे घरात जे वातावरण होते, तेच हा सामना हरल्यावर त्या सबंध शहरात होत असले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रकार आय.पी.एल.ने आणला. दहा संघ, प्रत्येकाचे एक घर, आणि त्या घरी खेळावयाचे साधारण सात सामने. २००८ मध्ये मुंबई इंडियन्सने वानखेडेवर आपला पहिला सामना खेळला तेव्हा दुखापतीमुळे सचिन बाहेर होता, नेतृत्व हरभजनकडे होते, आणि बेंगळुरूने तो सामना पाच गडी राखून जिंकला. म्हणजे घरच्या पहिल्या सामन्यात तोंड पोळणे हे मुंबईकरांना जन्मापासूनच ठाऊक आहे. पण प्रस्तुत लेखाचा विषय १ एप्रिल २०२४ चा सामना आहे. कारण त्या दिवशी प्रेक्षकांनी हार होण्याची वाटही पाहिली नाही. नाणेफेकीपासूनच त्यांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविण्यास आरंभ केला.

असे का व्हावे? हा प्रश्न मला छळू लागला, त्याला आमच्या शिंदखेड्याचा भूगोलही थोडा कारणीभूत आहे. आम्ही महाराष्ट्राचे, पण सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे. आमच्यापैकी अनेकांचा कोणी काका, कोणी मामा पोटापाण्यासाठी सुरत-उधन्याला जाऊन तेथलाच झालेला. उन्हाळ्याच्या सुटीत आलेली त्यांची मुले आमच्याशी अहिराणी बोलतात आणि क्रिकेटमध्ये गुजरातची बाजू घेतात. हार्दिक पंड्याचा जन्म सुरतकडचा, तो वाढला बडोद्यात. त्यामुळे ती मुले त्याला आपला मानीत. रोहित शर्मा बोरिवलीत वाढलेला, तो आमचा! तेव्हा वानखेडेवर जे भांडण झाले, ते आमच्या ओट्यांवर आधीच सुरू झालेले होते.

आता हकीकत थोडक्यात सांगतो. रोहितने २०१३ मध्ये मोसमाच्या मध्येच मुंबईचे नेतृत्व हाती घेतले आणि २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवून दिली. हार्दिकही २०१५ पासून मुंबईचाच; येथेच तो घडला. २०२२ मध्ये तो नव्या गुजरात टायटन्सचा कर्णधार होऊन गेला, पहिल्याच वर्षी अजिंक्य ठरला आणि दुसऱ्या वर्षी उपविजेता. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने त्याला परत आणले आणि १५ डिसेंबरला रोहितच्या जागी कर्णधार केले. ही तारीख मुद्दाम सांगितली, तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

वेळही कशी पाहा! १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत रोहितच्या नेतृत्वाखाली आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो होतो. रोहित डोळे पुसत मैदानाबाहेर गेला, ते सर्वांनी पाहिले होते. घरात दुःख झालेल्या माणसाला महिन्याच्या आत खुर्चीवरून उठवावे, असे लोकांना वाटले. मालकांच्या दृष्टीने तो हिशेब असेल, कदाचित बरोबरही असेल. पण हिशेब मांडताना लोकांच्या मनाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. आणि लोकांजवळ नाराजीचा अर्ज देण्यासाठी कोणती खिडकी आहे? तिकीट घेता येते, मत देता येत नाही. मग मैदानावर जो समोर उभा आहे त्याच्यावर राग निघतो. २४ मार्चला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध हार्दिक उतरला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी ‘आम्हांला सोडून गेलास’ म्हणून त्याची हुर्यो केली. आठवड्याने वानखेडेवर ‘आमच्याकडे का आलास’ म्हणून झाली. मुंबई पहिला सामना सहा धावांनी हरली. दुसऱ्यात हैदराबादने २७७ धावांचा डोंगर रचला आणि मुंबईने २४६ करूनही हार पत्करली. दोन पराभव गाठीला बांधून मंडळी घरी आली.

नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकर, म्हणजे खुद्द मुंबईचेच जुने खेळाडू, यांना ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. उपयोग झाला नाही. नंतर जे घडले ते एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. राजस्थानकडून ट्रेंट बोल्ट गोलंदाजीला आला. तोही एके काळचा मुंबईचाच. पहिल्या षटकात त्याने रोहितला पहिल्याच चेंडूवर बाद केले, लगेच पुढच्या चेंडूवर नमन धीरला. आणि त्याच्या दुसऱ्या षटकात डेवाल्ड ब्रेव्हिसही पहिल्याच चेंडूवर परतला. ज्या रोहितच्या नावाने जयघोष चालला होता तो शून्यावर, आणि ४ बाद २० अशा अवस्थेत डाव सावरायला आला कोण, तर हार्दिकच! त्याने २१ चेंडूंत ३४ केल्या, तिलक वर्माने ३२. एकूण ९ बाद १२५. राजस्थानने रियान परागच्या नाबाद ५४ धावांवर सोळाव्या षटकातच सामना सहा गडी राखून संपविला.

आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या खोलीवर एकाच मोबाईलला डोळे लावून बसलो होतो. त्या रात्री मी धावफलकापेक्षा मित्रांकडेच अधिक पाहिले. एक जण पहिल्या षटकातच चप्पल घालून निघून गेला. दुसरा रोहितचा कट्टर भक्त. मुंबई हरते आहे याचा त्याला आनंद होत होता, कारण त्यात हार्दिकची फजिती होती. मुंबईची टोपी डोक्यावर आणि मुंबईच्या पराभवावर टाळी! परीक्षा तोंडावर आलेली असताना साऱ्यांची ती रात्र वाया गेली, ती वेगळीच.

मानसशास्त्रात या वृत्तीचा एक छान अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट सियाल्डिनी या अमेरिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि तो महाविद्यालयीन मुलांवरचाच असल्याने आपल्याला लागू पडावा. सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारी वर्गात येणाऱ्या मुलांचे कपडे पाहिले. शनिवारचा फुटबॉलचा सामना जिंकलेला असला म्हणजे विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालणारी मुले वाढत. मग दूरध्वनीवरून काहींना सामन्याची हकीकत विचारली. जिंकलेल्या सामन्याबद्दल मुले ‘आपण’ म्हणत, हरलेल्या सामन्याबद्दल ‘ते’. मला सर्वांत उद्बोधक वाटली ती पुढची गोष्ट. त्या मुलांना आधी काही प्रश्न घातलेले होते. तुम्ही त्यात कमी पडलात, असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्या बोलण्यात हा ‘आपण-ते’चा फरक अधिक ठळक होता. म्हणजे स्वतःच्या पदरी अपयश आलेला माणूस संघाच्या यशाला अधिक घट्ट धरतो आणि संघ पडला की अधिक झटकन हात सोडवून घेतो.

मराठीत तर हा खेळ अधिक सूक्ष्म आहे, कारण आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आपण’ म्हणताना ऐकणाराही घरात येतो. ‘आम्ही’ म्हटले की तो उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपण पाच वेळा जिंकलो’ म्हणणारा माझा मित्र त्या रात्री ‘ह्यांना खेळता येत नाही’ म्हणू लागला. आणि सुरतेचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, “कसं काय, तुमचं?” त्या ‘तुमचं’मध्ये काय काय भरले होते, ते खानदेशी माणसाला फोड करून सांगावयास नको.

परंतु एवढ्यावरून प्रेक्षक हरणाऱ्यावर चिडतो आणि जिंकणाऱ्याला डोक्यावर घेतो असा सोपा नियम बांधता येत नाही. मुंबईचाच इतिहास आडवा येतो. भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर १५ डिसेंबर १९३३ रोजी सुरू झाला. (हार्दिकची नेमणूक बरोबर नव्वद वर्षांनी, त्याच तारखेला झाली. निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नये.) देशाचा घरचा पहिला सामना म्हणावा तो हाच. डग्लस जार्डिनच्या इंग्लंडने तो नऊ गडी राखून जिंकला. निकाल निराशाजनकच, पण लोकांना त्यातून काय आठवले? दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या, कर्णधार सी. के. नायडूंबरोबर १८६ धावांची भागी केली. भारतीयाचे ते पहिले कसोटी शतक. लोक मैदानात धावले, त्यांनी अमरनाथांना हारांनी मढविले. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिल्याचे सांगतात. ज्या जिमखान्यात एरवी हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता, त्याच्याच हिरवळीवर एका हिंदी खेळाडूने साहेबाला झोडपले, हे त्यांच्या लेखी निकालाहून मोठे होते.

दुसरे उदाहरण खुद्द वानखेडेचे. हे मैदान उभे राहिले तेच रुसव्यातून. ब्रेबोर्नच्या मालक क्लबाशी आसनांच्या वाटपावरून बेबनाव झाला आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या असोसिएशनने पलीकडेच नवे मैदान बांधले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली ती वेस्ट इंडीजविरुद्ध. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत, म्हणजे सारे या सामन्यावर. क्लाईव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा कुटल्या, आणि त्याचे द्विशतक होताच एक तरुण चाहता त्याचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली. तेव्हा प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली, त्या दिवसाचा उरलेला खेळ बुडाला. भारत २०१ धावांनी हरला. पण ध्यानात घ्या, दंगा हरण्यावरून झाला नाही. आपल्याला धुऊन काढणाऱ्या परक्या फलंदाजाचे कौतुक करणाऱ्या पोराला का मारले, यावरून झाला.

याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन तेंडुलकर एकवीस चेंडूंत एक धाव काढून परतला, तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याचीही हुर्यो केली. सचिनची, मुंबईत! हे वाचून ज्यांचा विश्वास बसणार नाही त्यांच्याविषयी मला आदरच आहे.

या तिन्ही प्रसंगांशी ताडून पाहता मला असे दिसते की प्रेक्षकाला पराभव सोसतो. आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही भावना सोसत नाही. अमरनाथच्या शतकाने त्याला मान मिळाला, लॉईडच्या चाहत्याला पडलेल्या काठीने त्याचा अपमान झाला. सचिनच्या बाबतीत मात्र ही उपपत्ती लंगडी पडते. तेथे केवळ अपेक्षेचे ओझे होते. २०२४ चा राग पहिल्या जातीचा होता, म्हणून त्याचे मूळ मला समजू शकते. मात्र समजणे वेगळे आणि मान्य करणे वेगळे. आमच्याकडच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल असते. पैलवान नुसतेच हात धरून वेळ काढू लागले की लोक ओरडतात, हुर्योही करतात, आणि ते योग्यच आहे. पण पैलवान लंगोट लावून हौद्यात उतरत असताना, हात मिळविण्याआधीच कोणी त्याची टवाळी केली, तर जुनी माणसे त्याला गप्प बसवितात. खेळावर टीका करण्याचा हक्क तिकिटाबरोबर मिळतो. चेंडू पडण्याआधी माणसाला अपमानित करण्याचा मिळत नाही. त्या रात्री हे मैदानावर कोणी सांगितले असेल तर ज्याच्यासाठी सारा गोंधळ चालला होता त्या रोहितनेच; सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करताना त्याने प्रेक्षकांना हात करून हे थांबवा, असे खुणावले.

पुढचे सर्वश्रुत आहे. त्या मोसमात मुंबई चौदांपैकी चार सामने जिंकून तळाला राहिली. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक हार्दिकने टाकले, भारत सात धावांनी जिंकला, आणि कर्णधार होता रोहित. ४ जुलैला मरीन ड्राईव्हवर माणसांचा समुद्र लोटला, आणि त्याच वानखेडेत हार्दिकच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत माणूस तोच, मैदान तेच. माझा तो टोपीवाला मित्र त्या दिवशी ‘आपण’ म्हणत होता, हे सांगायला नकोच.

ते पाहून मला मात्र आनंदाबरोबर थोडी भीतीही वाटली. पंड्याजवळ विश्वचषकातले शेवटचे षटक होते. ज्याच्याजवळ असे षटक नसते त्याचे काय? आपल्या स्नेहसंमेलनाचेच पाहा. गाण्यासाठी नाव पुकारले जाते, कोणी प्रथम वर्षाची मुलगी थरथरत मंचावर येते, आणि पेटीचा सूर लागण्याआधीच मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक जण पहिल्या ओळीवरच थांबली आणि उतरून गेली. ती चांगली गायची. तालुक्याच्या गावाहून जाताना ती एस.टी.त मैत्रिणींसाठी गुणगुणायची ते मी ऐकले आहे. पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही, यंदाही नाही. मागच्या रांगेतल्यांना विचारले तर ते म्हणतात, आम्ही गंमत करत होतो. आणि ते खोटे बोलत नाहीत.

मुंबईने ३१ मार्च २०२५ रोजी घरचा पहिला सामना कोलकात्याविरुद्ध आठ गडी राखून जिंकला. पदार्पण करणाऱ्या अश्वनी कुमारने चार गडी टिपले. कर्णधार हार्दिकच होता.